ट्रेलरचा इलेक्ट्रिक टंग जॅक वजन आलं की थांबतो : दुरुस्ती आणि निगा

मिशिगनकर

नमस्कार मंडळी,

ट्रेलर घेऊन कॅम्पिंगला जाणारे अमेरिका-कॅनडातले बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारतोय. आमचा ट्रॅव्हल ट्रेलर सामान आणि पाणी भरल्यावर ६००० पौंडांच्या, म्हणजे २७०० किलोंच्या आसपास जातो. पुढच्या ए-फ्रेमवर (ट्रेलरच्या तोंडाशी असलेली A आकाराची चौकट, तिचं पुढचं टोक म्हणजे टंग), कपलरच्या (पिकअपच्या बॉलवर बसणाऱ्या सांध्याच्या) जरा मागे, १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक टंग जॅक आहे, ३५०० पौंड उचलणारा. पिकअपला जोडताना-सोडताना ट्रेलरचं नाक वर-खाली करायचं ते त्याच्यावरच.

तक्रार अशी आहे. जॅकचा पाय हवेत असतो तोवर जॅक झकास चालतो. खालच्या लाकडी ठोकळ्यावर टेकला आणि वजन घ्यायची वेळ आली की आवाज जड होतो, जॅकच्या डोक्यावरचा एलईडी दिवा मिणमिणतो, आणि इंच-दीड इंच उचलून सगळं थांबतं. थोडं थांबून बटण दाबलं तर पुन्हा तेवढंच. लाइनमधला ३० अँपचा फ्यूज काढून पाहिला, शाबूत आहे. बॅटरी पूर्ण चार्ज आहे. दुकानात फोन केला तर न बघताच उत्तर मिळालं, मोटर गेली, नवा जॅक घ्या.

मला इतक्यात नवा घ्यायचा नाही. काय काय तपासावं? आणि दुसरं म्हणजे, याचं संरक्षण कसं करता? आमच्याकडे थंडीभर रस्त्यावर मीठ टाकतात. वसंतात ट्रेलर बाहेर काढला की पिकअपच्या मागच्या चाकांचं सगळं पाणी-चिखल थेट या जॅकवर उडतं.

रेवती_ओंटारिओ

तपासणी सुरू करायच्या आधी दोन शब्द, कारण हे मी प्रत्येक वेळी सगळ्यांना सांगते.

पिकअप जोडलेलीच ठेवा. कपलर बॉलवर बसलेला, लॅच लावलेला, त्याची पिन घातलेली, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. मग जॅकचं काहीही झालं तरी ट्रेलर बॉलवरच राहतो. वजन देऊन बघायचं असेल तरी सोडायची गरज नाही. कपलर लॉक असताना जॅक खाली दाबत गेलात की टंगचं वजन त्याच्यावर येतं, आणि आणखी दाबलंत तर पिकअपचा मागचा भागही उचलला जातो.

जॅक फ्रेमवरून उतरवायचा झाला तर फ्रेमखाली दोन्ही बाजूंना जॅक स्टँड हवेतच. टंगवर साधारणपणे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असतो. तुमच्या ट्रेलरचे झाले ६०० ते ९०० पौंड. ते पायावर पडलं तर पाऊल उरणार नाही. आणि जॅकच्या मागे फूटभरावर प्रोपेनच्या टाक्या असतात. वायर सोडताना-जोडताना ठिणगी पडते, म्हणून टाक्यांचे व्हॉल्व्ह बंद करा आणि बॅटरीची निगेटिव्ह सोडून मगच हात घाला.

तारजोडणी

मिशिगनकर, मोटर उघडू नका. अजून तरी नको. तुम्ही दिलेलं वर्णन मोटर गेल्याचं नाही, मोटरपर्यंत व्होल्टेज न पोचल्याचं आहे. दिवा मिणमिणतोय हेच सगळ्यात मोठं लक्षण.

मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या कारखान्यात क्वालिटीत होतो, आता ओहायोत वाहनांच्या इलेक्ट्रिकलचंच काम करतो. १२ व्होल्टच्या कामात दहातल्या बहुतेक तक्रारी अर्थिंगच्या निघतात, आणि टंग जॅक तर त्यात अग्रगण्य. कारण असं की यातल्या कित्येक जॅकना वायर एकच असते, पॉझिटिव्हची. निगेटिव्ह वेगळी दिलेलीच नसते. करंट जॅकच्या अंगातून, त्याला ए-फ्रेमवर बसवणाऱ्या तीन बोल्टमधून फ्रेममध्ये जातो आणि फ्रेमवरून बॅटरीकडे. म्हणजे ट्रेलरचा रंग, जॅकच्या फ्लँजचं (बोल्ट बसतात त्या पट्टीचं) पावडर कोटिंग आणि मधला गंज या सगळ्यांतून २५-३० अँप जायला हवेत. नवीन असताना बोल्टखालचे दातेरी वॉशर रंग फोडून धातूला चावतात, म्हणून चालतं. दोन-तीन हिवाळे मीठ खाल्लं की त्या दातांखाली गंज धरतो.

पाय हवेत असताना मोटर थोडेच अँप ओढते, त्यामुळे खराब जोडणीतूनही काम भागतं. वजन आलं की ओढ वाढते आणि तिथेच व्होल्टेज मरतं.

आता मोजायचं कसं. ओहममध्ये मोजू नका. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध ०.१ ओहमच्या घरात असतो आणि आपल्याला शोधायचा दोषही तेवढाच असतो, तो दिसणार नाही. डीसी व्होल्टवर लावा आणि वजन देऊन, बटण दाबलेलं असताना मोजा.

पहिलं माप बॅटरीच्या दोन खांबांवर. क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावर. दुसरं, जॅकमध्ये शिरणाऱ्या पॉझिटिव्ह वायरपासून जॅकच्या उघड्या धातूपर्यंत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं जॅकच्या अंगावर. हे शून्याच्या जवळ हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोषी सापडला.

एक सहायक दुसऱ्या बाजूला बटण दाबायला घ्या. आकडे इथे टाका.

जुनं_गॅरेज

तारजोडणींशी सहमत, पण एक विचारायचं राहिलं. थांबतो तेव्हा मोटरचा आवाज येत असतो का? मोटर फिरतेय आणि पाय हलत नाही, असं असेल तर प्रकरण वेगळं. मोटरचा दांडा आणि गिअर यांच्यामध्ये एक पिन असते, ती तुटलेली असते किंवा गिअरचे दात गेलेले असतात. कड-कड असा आवाज येतो. मग कितीही अर्थिंग साफ करा, उपयोग नाही.

आणि तुमच्याकडे बॅटरीजवळ फ्यूजऐवजी किंवा फ्यूजशिवाय आणखी एक छोटा, स्वतःच परत लागणारा ब्रेकर आहे का तेही बघा. दोन स्क्रूंची, बोटाच्या पेराएवढी धातूची डबी असते. ती गरम होऊन तुटते आणि निवली की आपोआप जोडते. थोडं थांबल्यावर पुन्हा चालतो म्हणालात, म्हणून शंका.

मिशिगनकर

रेवतीताई, सगळं तसंच केलं. पिकअप जोडलेली, ठोकळे, टाक्या बंद.

जुनं_गॅरेज, थांबतो तेव्हा मोटरही थांबते, नुसती हुंकारत राहते. ब्रेकर आहे, बॅटरीच्या खोक्यामागे. त्याच्या दोन स्क्रूंमध्ये वजनावर ०.२ व्होल्ट दिसले. तो तुटत नाहीये.

मापं अशी. वजनावर, बटण दाबलेलं असताना बॅटरीच्या खांबांवर १२.२. जॅकपाशी ९.१. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून जॅकच्या अंगापर्यंत २.६ व्होल्ट! उरलेले ०.५ पॉझिटिव्ह बाजूला.

तीनपैकी एका बोल्टचं डोकं हाताला गरम लागत होतं.

तारजोडणी

झालं की मग. २.६ व्होल्ट नुसते परतीच्या वाटेवर जळतायत. २५ अँप धरले तर रोध ०.१ ओहम आणि उष्णता ६५ वॅट. बोल्ट गरम लागला तो त्यामुळेच.

लोक अशा वेळी बटण दाबून धरतात आणि मोटर खरोखर जाळतात, म्हणून कारण सांगतो. या मोटरी कायमचुंबकाच्या डीसी मोटरी असतात. जेवढं वजन, तेवढे अँप. व्होल्टेज कमी आलं म्हणून अँप कमी होत नाहीत, फक्त वेग कमी होतो. म्हणजे तीच उष्णता जास्त वेळ. आणि मोटर अडून उभी राहिली की अँप आणखी चढतात. दुकानदार म्हणतो ती गेलेली मोटर अशी तयार होते.

दुरुस्ती. तीन बोल्ट साफ करण्यावर समाधान मानू नका, एक-दोन हिवाळ्यांत तेच होणार. जॅकला स्वतःची निगेटिव्ह वायर द्या, थेट बॅटरीपर्यंत. १० गेजची तांब्याची बहुतारी वायर घ्या. भारतातल्या मापात ती सव्वापाच चौरस मिलिमीटर होते, तिकडे कोणी करणार असेल तर ६ ची घ्यावी. या वायरचा रोध फुटाला एक मिलिओहम. तुम्हाला सहा-सात फूट पुरेल. २५ अँपला पाव व्होल्टही पडणार नाही.

जॅकच्या बाजूला लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) कुठे लावायचं? फ्लँजच्या एका बोल्टवर, पण फ्लँजच्या वरच्या अंगाला. लगाच्या आकाराएवढा गोल पावडर कोटिंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत काढा. दातेरी वॉशर, लग, बोल्ट, घट्ट. धातूला धातू लागून बोल्ट आवळल्यानंतर वरून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा जाड थर. आधी ग्रीस फासून मग बोल्ट लावण्यापेक्षा हे बरं, ते ग्रीस वीज वाहून नेत नाही, फक्त पाणी अडवतं.

लग क्रिंप करा (पकडीने वायरवर दाबून बसवा), आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नळी गरम झाल्यावर कडेने गोंदाचा बारीक मणी बाहेर आलेला दिसला पाहिजे, म्हणजे आत पाणी जायची वाट बंद. हाताने जोरात ओढून बघा, निघालं तर क्रिंप चुकलं. डागू नका, म्हणजे सोल्डर करू नका. डाग तारेत वर चढतो, तिथे तार कडक होते आणि रस्त्याच्या धक्क्यांनी नेमकी डाग संपतो तिथे तुटते. कारखान्यात हे सूक्ष्मदर्शकाखाली कापून दाखवायचो आम्ही.

आणि एक कळकळीची विनंती. बॅटरीपाशी काम करताना ब्रेकअवे स्विचची वायर ओळखून ठेवा आणि तिला हात लावू नका. ट्रेलर पिकअपपासून सुटला तर ट्रेलरचे ब्रेक लावणारी ती वायर. ती थेट बॅटरीवरच असली पाहिजे, डिस्कनेक्ट स्विचच्या (बॅटरी तोडणाऱ्या स्विचच्या) पलीकडे गेली तर उपयोगाची नाही.

साधावाचक

ट्रेलर नाही, जॅक नाही, तरी शेवटपर्यंत वाचला. मल्टिमीटरने ओहमऐवजी व्होल्ट मोजायची पद्धत घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला वापरून बघणार आहे. धन्यवाद तारजोडणी.

मिशिगनकर

वायर टाकली. जुने बोल्ट काढले तेव्हा फ्लँजखाली तपकिरी भुकटी होती, आणि एका दातेरी वॉशरचे दात बोटाने चुरले गेले. तीनही जागा तारेच्या ब्रशने साफ केल्या, बोल्ट-वॉशर नवे घातले, नवी निगेटिव्ह वरच्या बाजूने लावली. बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर पांढरी-हिरवी बुरशी होती, ती खायचा सोडा पाण्यात कालवून धुतली.

आता वजनावर जॅकपाशी ११.६. निगेटिव्ह बाजूचा फरक ०.१५. पिकअपचा मागचा भाग उचलेपर्यंत एका दमात गेला, दिवा अजिबात मिणमिणला नाही. सगळ्यांचे मनापासून आभार. नवा जॅक घेतला असता तर तोही त्याच गंजक्या जागी बसला असता!

आता संरक्षणाचं सांगा. कव्हर घ्यावं का?

रेवती_ओंटारिओ

वा! अभिनंदन.

कव्हर घ्या, पण खालून मोकळं असलेलं. काहीजण प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोरीने आवळतात. आत ओल धरते, बाहेर जात नाही, आणि आमच्यासारख्या ठिकाणी रात्री गोठते, दिवसा वितळते, पुन्हा गोठते. पाणी डोक्यात साचून गोठलं तर प्लास्टिकचं आवरण फुटतं, मोटरचं बेअरिंग गंजतं. मी जाड व्हिनाइलचं टोपडं वापरते, आणि अधूनमधून उन्हात काढून ठेवते.

पण कव्हरपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट सांगू? डोक्यावर एक रबरी बूच असतं. वीज गेली तर हाताने फिरवायचं हँडल त्याच्याखाली लागतं. ते बूच उन्हाने कडक होतं, चिरतं, कुठेतरी रस्त्यात पडतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मग प्रत्येक पाऊस सरळ गिअरवर. हार्डवेअरच्या दुकानात त्या मापाचं रबरी बूच मिळतं. दोन घेऊन ठेवा. बटणावरचं रबरी आवरणही तसंच, त्याला चीर गेली की स्विचचे काँटॅक्ट हिरवे पडतात. बऱ्याच जॅकमध्ये मोटरचा सगळा करंट त्या छोट्या स्विचमधूनच जातो, त्यामुळे थोडा गंजही पुरतो.

टेक्सन_तात्या

आमच्याकडे मीठ नाही, पण ऊन आहे. डोक्याचं प्लास्टिक चार-पाच उन्हाळ्यांत पांढरट होऊन स्क्रूंच्या भोवती तडकतं. कव्हरला माझा पाठिंबा.

ग्रीसबद्दल मी सांगेन की बाहेर येणाऱ्या नळीला भरपूर ग्रीस लावून ठेवावं. गंज धरत नाही.

जुनं_गॅरेज

तात्या, इथे मी असहमत. बाहेर येणाऱ्या आतल्या नळीला ग्रीस लावलं की त्यावर रस्त्याची वाळू चिकटते, आणि नळी वर घेतली की ती वाळू सगळी आत. तिथल्या सीलचा आणि बाहेरच्या नळीचा पॉलिश पेपरने घासल्यासारखा नाश होतो. टेक्सासच्या धुळीत तर जास्तच. नळी फडक्याने कोरडी पुसायची, सिलिकॉनचा हलका फवारा, पुन्हा पुसायची. मगच वर घ्यायची. प्रवासात पाय पूर्ण वर हवा हे वेगळं सांगायला नको.

ग्रीसची जागा आतल्या स्क्रूवर आणि गिअरमध्ये. तुमच्या जॅकला ग्रीसचं निपल असेल तर लिथियम ग्रीस, नंबर २. नसेल तर कंपनीचं पुस्तक बघा, काही जॅक सीलबंद असतात आणि उघडायचे नसतात. डब्ल्यूडी-४० हे ग्रीस नव्हे. ते पाणी हटवायला आणि गंजलेला बोल्ट सोडवायला उत्तम, पण वंगण म्हणून टिकत नाही, उलट आतलं ग्रीस पातळ करून घालवतं.

जॅक वाकतो कशाने, तेही सांगतो, कारण वाकलेल्या नळीला दुरुस्ती नाही. पाय जमिनीला टेकलेला असताना पिकअप दोन इंच जरी पुढे-मागे गेली तरी नळी वाकते. मग ती आत घासते, मोटर जास्त अँप ओढते, आणि लोक पुन्हा वायरिंग तपासत बसतात. सरळ पट्टी नळीला लावून बघायला अर्धा मिनिट लागतो. पायाखाली जाड लाकडी ठोकळे घ्या, म्हणजे नळी कमी बाहेर काढावी लागते. जेवढी कमी बाहेर, तेवढी वाकायची शक्यता कमी, बॅटरीही कमी खर्च होते.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच (टंगचा भार स्प्रिंग बारांनी बाकीच्या चाकांवर वाटणारी जोडणी) वापरणाऱ्यांनो, स्प्रिंग बार लावताना तुम्ही टंगबरोबर पिकअपचा मागचा भागही उचलता. त्या वेळी जॅकवर टंगच्या वजनापेक्षा बराच जास्त भार असतो. जॅक निवडताना तो हिशेब धरा, नुसत्या टंगच्या वजनावर जाऊ नका.

टेक्सन_तात्या

पटलं. पुसून सिलिकॉन मारतो आता.

रत्नागिरीचा

आमच्याकडे समुद्राच्या वाऱ्याने तांब्याची प्रत्येक जोडणी हिरवी होते, मग ती पाण्याच्या मोटरीची असो की गाडीच्या बॅटरीची. इथले मेकॅनिक घट्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासतात. तारजोडणींनी ग्रीसचा जो क्रम सांगितला, अगदी तोच. बॅटरीच्या खांबांना चालतं, पण उन्हाळ्यात वितळून ओघळतं, वर्षातून दोनदा लावावं लागतं.

तारजोडणी

बरोबर. मिठाचं काम सगळीकडे सारखंच, ते वाऱ्याने येवो की रस्त्यावरून.

मिशिगनकर, हंगाम संपताना एवढं करा. जॅक आणि ए-फ्रेम साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर डोक्यावर अजिबात नको, तो पाणी सीलच्या आत ढकलतो. वाळू द्या. डोक्याच्या वरच्या सांध्यावर सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ द्या, पण खालचा सांधा मोकळा सोडा, आत गेलेलं पाणी निघायला वाट हवी. फ्यूजची डबी उघडून बघा. तिथे फ्यूज शाबूत असतो पण डबीचे काँटॅक्ट जळके असतात, आणि मग फ्यूज ठीक म्हणून आपण पुढे जातो. तुमच्या पॉझिटिव्ह बाजूला जे ०.५ दिसले, त्यात ब्रेकर सोडून उरलेले ०.३ कदाचित तिथलेच. झाकण असलेली, पाणी न जाणारी डबी बसवा.

बॅटरी पूर्ण चार्ज करून घरात आणा किंवा चार्ज राखत राहा. लेड-ॲसिडची रिकामी बॅटरी मिशिगनच्या थंडीत गोठून फुटते, भरलेली सहसा नाही.

मिशिगनकर

फ्यूजची डबी उघडली. तिचा एक काँटॅक्ट काळा पडलेला होता. बदलली. आता पॉझिटिव्हला ०.२.

शेवटचा प्रश्न. रस्त्यात वीजच गेली तर हँडलऐवजी ड्रिल लावून फिरवलं तर चालतं का? ३५०० पौंडी जॅकला हाताने बरेच फेरे मारावे लागतात.

जुनं_गॅरेज

आधी पुस्तक वाचा. काही कंपन्या ड्रिलला स्पष्ट नाही म्हणतात, तिथे लावू नका. चालत असेल तिथेही कमी वेगावर, क्लच हलका ठेवून. पाय पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर यायच्या दोन इंच आधीच थांबा आणि शेवट हाताने करा. हाताने फिरवताना टोकाला मोटर आपोआप थांबवणारा लिमिट स्विच मध्ये येत नाही, ड्रिलने टोकाला जोरात आपटलं की पिन तुटते नाहीतर स्क्रू जॅम होतो.

आणि ड्रिल किंवा हँडल लावण्याआधी जॅकचा फ्यूज काढा. हँडल आत असताना कोणी बटण दाबलं तर मनगट मोडेल.

रेवती_ओंटारिओ

हँडल ट्रेलरमध्ये ठेवू नका, पिकअपमध्ये ठेवा. जागा अरुंद असते तेव्हा स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) बंद असलेल्या ट्रेलरच्या आतल्या कपाटापर्यंत हात पोचत नाही. आणि बॅटरी मेली असेल तर पिकअपची सात पिनची केबल जोडून इंजिन चालू ठेवून थोडा वेळ थांबा. त्या वायरीवरून बॅटरी हळूहळू थोडी भरते. जॅक मात्र थेट तिच्या भरवशावर चालवू नका, पिकअपचा फ्यूज जाऊ शकतो.

मिशिगनकर

हँडल पिकअपच्या मागच्या सीटखाली ठेवलं. बुचं दोन आणली, एक लावलं, एक हँडलला दोऱ्याने बांधून ठेवलंय. नव्या जोडणीचे फोटो आणि मापं पुढच्या वसंतात याच धाग्यावर टाकतो, म्हणजे एका हिवाळ्यात किती फरक पडला ते सगळ्यांना दिसेल.